प्रवासी कंपन्यांचा परवाना कोणत्या महिन्यांत संपावा?

सालदाराचें साल गुढीपाडव्यासच कां संपावें, असें आमच्या जिल्ह्यांतील एकाद्या शेतकऱ्यास कोणी विचारलें तर तो हंसेल. चैत्रांत रान मोकळें असतें. कापूस वेंचून झालेला, तूर-हरभरा घरांत आलेला, बैल दावणीला. अशा वेळीं मालकास सालदार बदलावयाचा असो कीं सालदारास मालक बदलावयाचा असो, कोणाचेंच काम अडत नाहीं, आणि वर्षभराच्या उचलीचा हिशेबही उघड्यावर येतो. हेंच साल जर आषाढांत, ऐन डवरणीच्या दिवसांत संपत असतें, तर कामचुकार माणूसही मालकानें निमूटपणें ठेवून घेतला असता, कारण त्या दिवसांत दुसरा मिळावयाचा कोठून? कराराची मुदत किती असावी यापेक्षां ती कोणत्या महिन्यांत संपावी हा विचार कांहीं वेळां अधिक महत्त्वाचा असतो, हें शहाणपण आमच्या लोकांस कोणा कायदेपंडितानें शिकविलेलें नाहीं.

आज ज्या धंद्यास हा न्याय लावून पाहावयाचा तो शेतीचा नव्हे. गाडीभाडें, विमानभाडें, उतरण्याची सोय, जेवणखाण आणि वाटाड्या या सर्वांची मिळून एकच रक्कम आगाऊ घेऊन लोकांस देशोदेशीं फिरवून आणणाऱ्या प्रवासी कंपन्यांचा तो धंदा होय. शेतकऱ्यांच्या मासिकांत या विषयास जागा कशासाठीं, अशी शंका वाचकांस येणें स्वाभाविक आहे. सीतादही होऊन कापसाची वेंचणी सुरू झाली म्हणजे तेव्हांपासून होळीपर्यंत वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगांव, देवळी, सिंदी येथील बाजारांतून कापूस, सोयाबीन व तूर यांचे चुकारे शेतकऱ्याच्या हातीं येतात. देणेंघेणें भागवून ज्याच्यापाशीं चार पैसे उरतात त्याच्या घरांत काशी, रामेश्वर, चारधाम यांचा विषय याच दिवसांत निघतो. पूर्वी गांवची मंडळी मिळून वर्ध्यास येत व तिकीट काढून आगगाडींत बसत. मुंबई-हावडा व दिल्ली-चेन्नई हे दोन्ही लोहमार्ग आपल्याच जिल्ह्यांतून जातात, तेव्हां वाट कोणास विचारावी लागत नसे. तिकिटाचा पैसा आणि गाडी यांत फार तर घटकाभराचें अंतर असे. आतां नागपुराहून विमानें उडतात; नेपाळ, दुबई, युरोप येथील सहलींच्या जाहिराती तालुक्याच्या गांवींही लागतात; आणि माघांत पैसे भरून वैशाखांत निघावयाचें, असा क्रम पडला आहे. मधले तीन महिने आमच्या घामाचा पैसा दुसऱ्याच्या गल्ल्यांत असतो. त्या तीन महिन्यांचा हा प्रश्न आहे.

अडतीच्या व्यवहाराशीं याची तुलना करून पाहावी. अडत्याकडे शेतकरी आधीं माल टाकतो व मागाहून पैसा घेतो. प्रवासी आधीं पैसा टाकतो व मागाहून माल घेतो. दोन्हीं ठिकाणीं आपण नकळत समोरच्याचे सावकार झालेले असतों. अडत्यास बाजार समितीचा परवाना घ्यावा लागतो, तारण द्यावें लागतें, आणि चुकारा थकला तर तक्रार कोठें न्यावयाची तें शेतकऱ्यास ठाऊक असतें. प्रवासी कंपनीच्या बाबतींत असें कांहींच आमच्या देशांत नाहीं. एवढें सांगून या देशाबाहेरचा एक दाखला आम्ही प्रथम पुढें ठेवतों. कारण परवाना कोणत्या महिन्यांत नवा व्हावा, या प्रश्नाचे बरेवाईट परिणाम ब्रिटनमध्यें जसे उघड दिसले आहेत तसे इतरत्र क्वचितच दिसले असतील.

ब्रिटनमध्यें विमानप्रवासासह सहली विकणाऱ्या कंपन्यांस १९७३ पासून तेथील सिव्हिल एव्हिएशन ऑथॉरिटीचा परवाना घ्यावा लागतो. त्याच्या इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांवरून त्यास 'ॲटॉल' म्हणतात. परवाना आला तरी त्यामागें पुरेसा निधि नव्हता, याचा प्रत्यय लागलीच आला. १९७४ च्या ऑगस्टांत, म्हणजे त्यांच्या ऐन हंगामांत, कोर्ट लाइन ही कंपनी व तिच्या हातीं असलेली क्लार्कसन्स ही मोठी सहल-कंपनी बुडाली. हजारों प्रवासी परमुलखांत अडकले, आणि पैसे भरून घरींच राहिलेल्यांची संख्या त्याहूनही मोठी होती. त्यानंतर १९७५ सालीं राखीव निधीचा कायदा झाला. आज तेथील परवानाधारक कंपनीस प्रत्येक प्रवाशामागें अडीच पौंड एका विश्वस्त निधींत भरावे लागतात. कंपनी बुडाली तर त्या निधींतून परदेशीं असलेल्यांस घरीं आणतात व घरीं असलेल्यांचे पैसे परत करतात.

हा परवाना वर्षाचा असतो. मात्र ज्या दिवशीं घेतला त्या दिवसापासून त्याचें वर्ष मोजीत नाहींत. सर्व कंपन्यांचे परवाने दोनच दिवशीं संपतात : कांहींचे ३१ मार्चला व कांहींचे ३० सप्टेंबरला. त्याआधीं कंपनीनें तपासलेले हिशेब दाखवावयाचे, पुढील वर्षीं किती प्रवासी नेणार तें सांगावयाचें, आणि अधिकाऱ्यांस शंका आली तर अधिक भांडवल किंवा हमी आणून द्यावयाची. आमच्याकडील बियाणें विक्रेत्याचा परवाना १९८३ च्या बियाणें नियंत्रण आदेशाप्रमाणें दिल्या तारखेपासून ठराविक मुदतीपर्यंत चालतो. एकाच बाजारपेठेंतील दोन दुकानांच्या तारखा निरनिराळ्या असूं शकतात, आणि त्या कोणाच्या लक्षांतही राहत नाहींत. सर्वांची एकच तारीख ठेवण्यांत हा गुण आहे कीं, तिची वाट सगळी बाजारपेठ पाहत असते. ज्याची बाजू लंगडी तो त्या दिवशीं झांकून राहूं शकत नाहीं.

या दोन तारखांपैकीं सप्टेंबरची तारीख आम्हांस विशेष विचार करण्याजोगी वाटते. त्या थंड मुलखांत लोक फिरावयास निघतात ते जुलै-ऑगस्टांत. त्यासाठीं जागा राखून ठेवण्याची धांदल जानेवारींत सुरू होते. तेव्हां थोडी रक्कम घेतात आणि निघण्यापूर्वीं कांहीं आठवडे उरलेली सर्व घेतात. यामुळें जूनच्या सुमारास कंपनीचा गल्ला तुडुंब भरलेला असतो. उलट परदेशांतील हॉटेलवाल्यांचें देणें बहुधा पाहुणे येऊन गेल्यावर, कधीं दोन-तीन महिन्यांनीं, चुकतें करण्याचा प्रघात आहे. याचा अर्थ असा कीं, ऑगस्टच्या पाहुण्यांचें बिल ऑक्टोबर-नोव्हेंबरांत येतें आणि पुढल्या उन्हाळ्याची आगाऊ रक्कम जानेवारीवांचून येत नाहीं. मधला काळ हा त्या धंद्याचा आषाढ होय : पेरणीचा खर्च होऊन गेलेला, पीक दूर, आणि सावकार दारांत. ३० सप्टेंबर ही तारीख या आषाढाच्या उंबरठ्यावर पडते. परवाना देणारा जेव्हां विचारतो कीं, पुढलें वर्षभर तुझे पाय जमिनीवर राहतील काय, तेव्हां उत्तर देणाऱ्याच्या पाठीशीं प्रवाशांच्या आगाऊ पैशांची उसनी ऊब उरलेली नसते. जूनमध्यें हाच प्रश्न विचारला तर बुडत्या कंपनीचीही वही गुबगुबीत दिसेल.

मोनार्क या कंपनीची गोष्ट या दृष्टीनें फार बोलकी आहे. १९६०च्या दशकापासून चालत आलेली ही विमान व सहल कंपनी. २०१६ च्या सप्टेंबरअखेर तिचा परवाना नवा होईना. अधिकाऱ्यांनीं बारा दिवसांची मुदत वाढवून दिली, आणि त्या बारा दिवसांत तिच्या मालकांनीं साडेसोळा कोटि पौंडांची तजवीज केली तेव्हां कोठें परवाना मिळाला. बरोबर एक वर्षानें, ३० सप्टेंबर २०१७ रोजीं, कंपनी पुन्हां त्याच दारांत उभी राहिली. या खेपेस मुदत मिळाली ती चोवीस तासांची. २ ऑक्टोबरच्या पहाटे कंपनी बंद झाली, आणि तिचे सुमारें १ लक्ष १० हजार प्रवासी परदेशांतून सरकारी व्यवस्थेनें आणावे लागले. परवान्याची तारीख ही नुसती कागदाची बाब असती तर तिनें पहिल्या वर्षीं पैसा काढावयास लावला नसता व दुसऱ्या वर्षीं कुलूपही लावलें नसतें.

दुसरा दाखला त्याहून प्रसिद्ध आहे. टॉमस कुक नांवाच्या गृहस्थानें १८४१ सालीं लेस्टर गांवाहून लफबरो गांवापर्यंत एका सभेसाठीं आगगाडीनें मंडळी नेली, तेथून या सर्व धंद्याचा आरंभ धरतात. त्याच्या नांवें चाललेली ब्रिटिश कंपनी २३ सप्टेंबर २०१९ रोजीं, परवान्याची तारीख एका आठवड्यावर आली असतां, बुडाली. तिच्या उद्धारासाठीं नव्वद कोटि पौंडांची योजना सिद्ध झाली होती. परंतु धनको बँकांनीं हिंवाळ्यांतील ओढगस्तीसाठीं आणखी वीस कोटींची सोय मागितली, आणि तीच होऊं शकली नाहीं. ज्या आषाढाविषयीं आम्हीं वर लिहिलें तोच येथें आडवा आला. दीड लक्ष ब्रिटिश प्रवासी त्या वेळीं परदेशांत होते. त्यांस आणण्यास दोन आठवडे लागले. त्यांच्या बाजूनें निधि होता म्हणून तीं कुटुंबें सुखरूप घरीं आलीं. स्पेन, ग्रीस, तुर्कस्तान येथील ज्या हॉटेलवाल्यांनीं जुलै-ऑगस्टचे पाहुणे जेवूं घातले त्यांच्या बिलांची मात्र धूळधाण झाली. (भारतांत याच नांवानें चालणारी कंपनी २०१२ पासून निराळ्या मालकीची आहे. तिचा या दिवाळ्याशीं संबंध नव्हता, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. नांवसाधर्म्यामुळें त्या वेळीं पुष्कळांचा गैरसमज झाला होता.)

आमच्या मतें या सप्टेंबरच्या तारखेंत एक दोषही आहे, आणि तो मोनार्कच्याच गोष्टींत दिसतो. वही खरी दिसावी म्हणून ही तारीख चांगली. परंतु तेथील हंगाम सप्टेंबरअखेर पुरता उलगडलेला नसतो. लाखभर माणसें बाहेर असतांना परवाना नाकारणें म्हणजे भरल्या नावेंतून नावाडी उतरविणें होय. २००८ च्या १२ सप्टेंबरला एक्सएल ही कंपनी बुडाली तेव्हांही ऐंशी हजारांहून अधिक लोक परदेशांत होते. अधिकाऱ्यांस हें ठाऊक असतें, आणि म्हणूनच बारा दिवस, चोवीस तास असल्या मुदती द्याव्या लागतात. तारीख महिना-दीड महिना पुढें असती तर वही तितकीच खरी दिसली असती आणि माणसें बहुतेक घरीं आलेली असतीं. मार्चच्या तारखेबद्दल तर आमचें मत याहून प्रतिकूल आहे. मार्चमध्यें उन्हाळ्याच्या सहलींची आगाऊ रक्कम येऊन पडत असते. तेथील अधिकारी मागल्या वर्षाचे तपासलेले हिशेब व पुढचे अंदाज पाहतात म्हणून ठीक, नुसत्या गल्ल्यावर विश्वासणारा मनुष्य त्या महिन्यांत सहज फसेल.

आतां आपल्या देशाकडे वळूं. येथें प्रवासी कंपनी काढण्यास अशा तऱ्हेचा वार्षिक परवाना लागत नाहीं. केंद्र सरकारचें पर्यटन मंत्रालय कंपन्यांस मान्यता देतें, पण ती घेणें न घेणें कंपनीच्या खुषीवर आहे, आणि तिच्यामागें प्रवाशांचे पैसे परत करणारा निधि नाहीं. १ ऑक्टोबर २०२० पासून परदेशच्या सहलीच्या रकमेवर सरकार उगमापाशींच कर वसूल करूं लागलें. म्हणजे प्रवाशानें कंपनीस किती रक्कम दिली याची नोंद सरकारदरबारीं होते. त्या रकमेचें पुढें काय झालें हें पाहण्याची व्यवस्था तेवढी झालेली नाहीं!

याचें फळ २०१९ सालींच दिसलें. मुंबईस मुख्य कचेरी असलेली कॉक्स अँड किंग्ज ही कंपनी आपला उगम १७५८ पर्यंत नेत असे. २०१९ च्या उन्हाळ्याअखेर तिनें बाजारांतून घेतलेलीं अल्प मुदतीचीं कर्जें थकविलीं, आणि ऑक्टोबरांत मुंबईच्या कंपनी न्यायाधिकरणानें तिला दिवाळखोरीच्या प्रक्रियेंत घेतलें. महिना पुन्हां तोच, हें वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल. लंडन आणि मुंबई येथील या दोन घटनांत एका महिन्याचें अंतर आहे. परंतु तेथील प्रवाशास निधींतून पैसे मिळाले, आणि येथील प्रवासी बँकांसारख्या बलाढ्य धनकोंबरोबर आपला दावा घेऊन रांगेंत उभा राहिला. आपल्याकडे परवान्याची तारीखच नसल्यामुळें कंपनीस ओढगस्तीच्या महिन्यांत कोणी दारांत अडवून विचारलें नाहीं. विचारलें तें शेवटीं सावकारांनीं, आणि सावकार आपल्या पैशापुरतेंच विचारतो.

परवाना म्हणजे काय वस्तु आहे, हें वर्धा जिल्ह्यास निराळें सांगावयास नको. २०१२ सालीं रिझर्व्ह बँकेनें नागपूर, वर्धा व बुलढाणा या तीन जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांस बँकिंगचा परवाना नाकारला. तोंपर्यंत अनेक वर्षें या बँका परवान्यावांचूनच चालल्या होत्या, आणि ठेवीदारांपैकीं फार थोड्यांस तें ठाऊक होतें. मग एकाएकीं व्यवहारांवर बंधनें आलीं, ठेवी अडकल्या, पीककर्जाचा ओघ आटला. २०१४ च्या नोव्हेंबरांत केंद्रीय मंत्रिमंडळानें देशांतील अशा तेवीस बँकांच्या पुनरुज्जीवनाची योजना मंजूर केली. त्यांत महाराष्ट्राच्या तीन होत्या, त्या ह्याच. ज्या घरांतून मुलीच्या लग्नाची ठेव त्या वेळीं वेळेवर निघाली नसेल, त्या घरीं परवाना, तारीख आणि ठेव या तीन शब्दांचा संबंध समजावून द्यावा लागणार नाहीं. परीक्षा दर वर्षीं, ठरल्या महिन्यांत, सर्वांसमक्ष झाली तर रोग लहान असतांना कळतो. ती वर्षानुवर्षें लांबली कीं एके दिवशीं एकदम दार बंद होतें.

परवानगी वार्षिक आहे, पण तिची वेळ चुकते, असेंही एक उदाहरण आपल्या देशांत नुकतेंच घडलें. हजयात्रेकरितां खासगी यात्रा-संयोजकांस केंद्र सरकार दर वर्षीं जागा वांटून देतें. आपल्या जिल्ह्यांतील यात्रेकरूंस नागपूरचें विमानतळ जवळचें. २०२५ सालीं भारताच्या वांट्यास १,७५,०२५ जागा आल्या. त्यांपैकीं १,२२,५१८ हज समितीमार्फत भरावयाच्या व राहिलेल्या ५२ हजारांवर जागा खासगी संयोजकांच्या होत्या. आठशेंहून अधिक संयोजकांस एकत्र करून सव्वीस मोठे गट बनविले गेले. मिना येथील तंबू, वाहनें, निवास यांचे करार व पैसे सौदी सरकारनें दिलेल्या तारखांच्या आंत झाले पाहिजेत, असा तेथील नियम. ते झाले नाहींत. सरकारी खुलाशाप्रमाणें वारंवार सूचना देऊनही गटांनीं वेळ पाळली नाहीं. संयोजकांचें म्हणणें निराळें होतें. अखेर सौदी सरकारनें दहा हजार जागांपुरतें दार पुन्हां उघडलें, आणि बाकीच्या सुमारें बेचाळीस हजार यात्रेकरूंची त्या वर्षीची यात्रा हुकली. दोष कोणाचा याचा निवाडा आम्ही करीत नाहीं. परंतु ज्या व्यवहाराचा शेवटचा दिवस परक्याच्या हातीं आहे, त्याची आपल्याकडील परवानगी त्या दिवसापासून उलट मोजून ठरविली पाहिजे, इतकें तर कोणीही मान्य करील. मृगाचा पाऊस ७ जूनच्या सुमारास अपेक्षित असेल तर बियाणें मे महिन्यांत घरांत हवें. १० जूनला आलेलें बियाणें कितीही उत्तम असलें तरी पेरणी उशिराच होणार.

तर मग आपल्याकडे असा परवाना उद्यां आलाच, तर तो कोणत्या महिन्यांत संपावा? सरकारी कचेऱ्यांची आवड विचारली तर ३१ मार्च, यांत शंका नाहीं. सारे हिशेब त्या दिवशीं मिटतात, सर्वत्र शिक्के तयार असतात. आमच्या सहकारी सोसायट्यांतून पीककर्जाचें नवें-जुनें होतें तेंही मार्चअखेरच, आणि तें कसें होतें हें सभासद जाणतात : व्याजाची सवलत जाऊं नये म्हणून चार दिवसांकरितां उसनवार पैसा आणून खातें फेडतात, आणि नवें कर्ज मिळतांच तो परत करतात. त्या एका दिवशीं वही निर्मळ दिसते. प्रवासी कंपनीस तर उसनवारही आणावी लागणार नाहीं. फाल्गुन-चैत्रांत वैशाखाच्या सहलींचे पैसे आमच्यासारख्यांनींच तिच्या गल्ल्यांत भरलेले असतील, आणि त्या पैशाच्या जोरावर ती परवाना नवा करून घेईल. शिवाय परवाना नाकारला गेला तर ज्यांनीं कापसाचे चुकारे येतांच रक्कम भरली तेच नेमके सांपडतील.

आमच्या मतें ही तारीख जुलैअखेर असावी. आपल्या प्रदेशांतील प्रवासाचा मुख्य हंगाम होळीपासून मृगापर्यंत, दुसरा दिवाळीचा. जुलैअखेर पहिला पुरा होऊन गेलेला असतो. त्या हंगामांतील हॉटेलें, बसगाड्या, विमानें यांचीं बिलें चुकतीं झालीं किंवा थकलीं हें कळण्यास तोंपर्यंत वेळ मिळतो. आणि दिवाळीची आगाऊ रक्कम पोळ्यानंतर खरी वाहूं लागते. चातुर्मासांत देशाटनास निघण्याची आपली पद्धत नाहीं. आषाढी वारी आहे, पण ती पायांची आणि एसटीची. तिला कंपनीची गरज नाहीं. श्रावणांत अमरनाथास जाणारे आहेत, त्यांच्यापुरती अडचण राहील हें खरें. तथापि बाहेर माणसें कमी, गल्ल्यांत परक्याचा पैसा कमी, आणि देणेकऱ्यांचे कागद पुढें आलेले, या तिन्ही गोष्टी एके ठिकाणीं मिळणारा दुसरा महिना आम्हांस दिसत नाहीं. शेतकरी त्या वेळीं निंदणांत गुंतलेला असेल. परंतु परीक्षा त्याची नसून कंपनीची आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. गांवांतील एकादा जाणता मनुष्य दर वर्षीं एक बस ठरवून पन्नास माणसें शेगांव-शिर्डी-पंढरपूर करून आणतो. त्याच्या मागें हिशेबनिसांचें व परवान्याचें लचांड लावलें तर तो यात्रा बंद करील व गांव मुकेल. ब्रिटनमध्यें यासाठीं वर्षास पांचशेंहून अधिक प्रवासी न नेणाऱ्या लहान धंद्यांकरितां सोप्या अटींचा निराळा परवाना ठेवला आहे. आपल्याकडे ती मर्यादा आणखी सैल ठेवतां येईल. गांवच्या माणसास गांव ओळखतें, त्याचें शेत कोठें आहे हेंही गांवास ठाऊक असतें. धोका आहे तो जाहिरात पाहून ज्यांच्याकडे पैसे भरले त्यांच्याशीं. ती पाटी कालची आहे कीं परवांची, हें जाहिरातींत छापीत नाहींत.

कायदा होईल तेव्हां होईल. तोंपर्यंत यंदा ज्यांस निघावयाचें आहे त्यांनीं कांहीं गोष्टी पाहाव्या. सर्व रक्कम एकदम भरूं नये. हप्त्यांचे दिवस लिहून घ्यावे, आणि शेवटचा मोठा हप्ता निघण्याच्या शक्य तितका जवळ ठेवावा. आज सर्व भरल्यास मोठी सूट देतों, असें कोणी सांगितलें तर ती सूट कोणत्या महिन्यांत दिली जात आहे इकडे लक्ष द्यावें : हंगामाच्या आधीं दिली तर ती धंद्याची रीत असूं शकेल, परंतु हंगाम संपतांच, पावसाळ्यांत, पुढल्या उन्हाळ्याची पुरी रक्कम कोणी मागत असेल तर त्याचा गल्ला रिकामा आहे असें समजण्यास हरकत नाहीं. पावती दलालाच्या नांवची घेऊं नये, कंपनीच्या नांवची घ्यावी. रेल्वेचें व विमानाचें तिकीट आपल्या नांवें निघालें कीं त्याची प्रत मागून घ्यावी व त्यावरील क्रमांक स्वतः पडताळून पाहावा. नुसत्या 'जागा राखली आहे' या शब्दावर राहूं नये. आठ-दहा कुटुंबें मिळून जाणार असतील तर त्यांनीं रक्कम आपल्यांतील दोघांच्या संयुक्त खात्यांत ठेवून हप्त्याहप्त्यानें द्यावी.

इतकें करूनही पैसे अडकले तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें एक सोय झाली आहे ती ध्यानांत ठेवावी. कंपनीची कचेरी मुंबईस असो कीं दिल्लीस, तक्रारदार जेथें राहतो तेथील आयोगाकडे त्यास दाद मागतां येते, म्हणजे आपल्या लोकांस वर्ध्याच्या जिल्हा आयोगाकडे जातां येतें. दिलेली रक्कम पांच लक्षांपर्यंत असेल तर तक्रारीस शुल्क पडत नाहीं. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत केली पाहिजे, आणि सोबत पावत्या, हप्त्यांचा कागद व कंपनीशीं झालेला पत्रव्यवहार जोडला पाहिजे.